पंचांच्या शास्त्राला पिशवी

निपाणी,
ता. १६ नोव्हेंबर १९३५

ती. सौ. अंबुबाई वहिनींस,
राजाबाईचा प्रभूमध्ये सलाम.

तुमचं पत्र काल हाती आलं. निपाणीत ते मंगळवारीच आलं होतं, पण पोस्टमननं ते वखारीतल्या कारकुनाकडे दिलं, कारकुनानं तंबाखूच्या पोत्यावर ठेवलं, आणि ते पोतं कोल्हापूरला जाता जाता राहिलं म्हणून मला मिळालं. रूथचं लग्न ठरतंय हे वाचलं आणि मी हातातली सुई पोत्यात टोचून ठेवली. ती दीड वर्षाची असताना तुम्हाला विषमज्वर झाला आणि दादांनी तिला माझ्याकडे आणून सोडली. चार वर्षांची होऊन परत गेली. मला मूल नाही. आईपण काय ते माझ्या वाट्याला तेवढंच आलं, अडीच वर्षांचं.

मुलगा हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर आहे, नाव शमुवेल, घरी शामू म्हणतात, वडील आण्णाप्पा म्हणजे तुमच्या ख्रिस्ती मंडळीचे पंच, हे सगळं समजलं. साखरपुडा नव्या वर्षाच्या दिवशी, हेही समजलं. मला मानपान नको, लुगडं नको. साखरपुड्याला रूथच्या शेजारी बसायला मिळावं, एवढंच माझं मागणं आहे.

यंदा नाताळला मी सगळ्यांना वाकळीच्या कामाच्या लहान लहान वस्तू करून देणार आहे. अंथरायच्या मोठ्या वाकळी नव्हेत, हाताएवढ्या. दिवसभर वखारीत पोती शिवून बोटं जाड झाली असली तरी बारीक धावदोरा अजून सरळ जातो. आमच्या वखारीचे मालक पद्मराज शेठ, त्यांच्या चंपाबाईंनी चिंध्यांचं गाठोडं दिलं आहे. त्यात जुन्या इरकली लुगड्याचा अख्खा पदर निघाला. ‘तुमच्या सणाला लागंल ते घ्या की,’ म्हणाल्या. मी एकतीस तारखेच्या मोटारीनं वस्तू घेऊनच येते.

तुमची,
राजाबाई

---

बेळगाव,
ता. २४ नोव्हेंबर १९३५

प्रिय वन्सं यांस,
अंबुबाईचा सलाम. आम्ही सर्व प्रभूकृपेने खुशाल आहोत.

तुम्ही यायचं म्हणता हे वाचून फार बरं वाटलं. तरी मी विचार केला, तो लिहिते. एक तर यंदा बेळगावात थंडी भयंकर आहे. दुसरं, आमची जागा तुम्हाला माहीत आहेच, पाहुणे आले की ह्यांना वऱ्हांड्यात निजावं लागतं आणि ह्यांना खोकला आहे. तिसरं, मोटारीचा प्रवास, संकेश्वरच्या पुढे रस्ता अगदी वाईट झाला आहे म्हणे. आणि चौथं, साखरपुडा असा मोठा करायचाच नाही, चहा-चिवडा आणि प्रार्थना, एवढाच बेत आहे. तेव्हा तुम्ही दगदग करू नका. मे महिन्यात एकदम लग्नालाच या.

पंच आण्णाप्पा फार कडक गृहस्थ आहेत. इथल्या निर्व्यसनी मंडळाचे ते अध्यक्ष. पूर्वी स्वतः तपकीर ओढत असत. तेरा वर्षांपूर्वी त्यांनी चांदीची डबी किल्ल्याच्या खंदकात फेकली, ती कशी फेकली हे ते दर तीन महिन्यांनी मंडळीत उभं राहून सांगतात. मागच्या साली एका चांगल्या मुलीला त्यांनी नकार दिला, का तर मुलीच्या मामाच्या खिशात चंची दिसली. तंबाखूचं नाव काढलं तरी त्यांच्या कपाळाची शीर उठते. हे आपलं सहज लिहिलं.

वस्तू मात्र जरूर करून टपालानं पाठवा. पंचांना द्यायला त्यांच्या पवित्र शास्त्राची पिशवी झाली तर फारच उत्तम. सोबत माप पाठवते. त्यावर तुमचं किंवा निपाणीचं नाव घालू नये.

रूथ तुमची आठवण काढते.

तुमची,
अंबुबाई

---

निपाणी,
ता. १४ डिसेंबर १९३५

ती. सौ. वहिनींस सलाम.

तुमच्या पत्रात मी न येण्याची चार कारणं आहेत. एकच असतं तर मी खरं मानलं असतं.

वाकळी शिवणारीला थंडीची भीती घालता, याला काय म्हणावं. जागेचं म्हणाल तर मी चुलीपुढे निजेन, दादांना वऱ्हांड्यात जायचं कारण नाही. रस्त्यावर खड्डे आहेत ते मोटारीला, मला नाहीत. आणि चहा-चिवड्याच्या कार्यक्रमाला एक बाई वाढली तर तुमचा किती चिवडा कमी होणार आहे? माझं तुमच्याकडे काय चुकलं ते तरी कळवा. गेल्या खेपेला मी तुमच्या रश्श्याला पातळ म्हणाले, ते अजून मनात असेल तर परत घेते. तो पातळ होता, पण परत घेते.

असो. पार्सल पाठवते आहे. त्यात चार वस्तू आहेत. तुम्हाला देवळातल्या बाकावर घ्यायला बसकुर, कारण ते बाक थंडगार असतात. दादांना कानटोपी, आत तीन पदर आहेत. तुमच्या शाळेच्या मडमेला चहाच्या किटलीवर घालायचं टोपडं. मडम लोक किटलीला थंडी वाजू देत नाहीत, हे मी मिशनच्या शाळेत असताना पाहिलं आहे. आणि पंचांच्या शास्त्राला पिशवी. तिला वरून इरकली पदर लावला आहे, काठ बरोबर मध्ये धरला आहे, आणि आडवे-उभे मिळून एकशे बारा ओळी टाके घातले आहेत. वहिनी, आजवर हातून इतकं चांगलं काम झालं नव्हतं. ती पंचांसाठी नाही केली, रूथसाठी केली. सासरा ती पिशवी हाती घेईल तेव्हा मुलीच्या घरात कोणीतरी नीट काम करणारं आहे, एवढं त्याला कळावं.

सगळं आमच्या इथल्या रीतीनं केलं आहे, कसर लागायची नाही.

मला बोलवायचं असेल तर अजून सतरा दिवस आहेत.

राजाबाई

---

बेळगाव,
ता. २७ डिसेंबर १९३५

वन्सं,

मी आज सलाम वगैरे लिहायच्या मनःस्थितीत नाही. वस्तूंच्या आत तुम्ही काय घातलं होतं?

नाताळच्या सकाळी सगळे नटून देवळात गेलो. मी तुमचं बसकुर बाकावर घालून त्यावर बसले. ह्यांनी कानटोपी घातली. थंडी होती म्हणून देवळात शिरेपर्यंत काढली नाही. ह्यांच्याकडे त्या दिवशी मेंढपाळांचा भाग वाचायचं काम होतं. उभे राहिले, पहिलं वाक्य वाचलं आणि शिंकले. दुसरं वाचलं, दोनदा शिंकले. अकरा शिंका मोजल्या मी. मेंढपाळ काही बेथलेहेमला पोचलेच नाहीत, शेवटी पाळकसाहेबांनी पुस्तक हातातून घेतलं. मी खाली मान घालून बसले, तर माझ्या बुडाखालचं बसकुर उबेला आलं आणि आमचा अख्खा बाक शिंकायला लागला. राजाबाई, मी माझ्या लग्नाच्या लुगड्यात होते. संध्याकाळी मडमेच्या किटलीचं टोपडं तापलं तेव्हा तिच्याकडे चहाला आलेल्या कलेक्टर कचेरीतल्या दोन बायका डोळे पुसत घरी गेल्या.

मग मी बसकुराची शिवण उसवून पाहिली. तंबाखूचं पान. वीतभर, अख्खं.

आणि पंचांना पिशवी सकाळीच देऊन झाली होती. ते शिंकले नाहीत. ते जास्त वाईट. त्यांनी पिशवी हातात घेतली, वास आला असणार, चेहरा एकदम दगडासारखा झाला. मग डोळे मिटून ती तोंडापाशी धरली आणि कितीतरी वेळ तशीच धरून बसले. राग आवरायला प्रार्थना करत होते, दुसरं काय. उपासना संपल्यावर ह्यांना एवढंच म्हणाले, ‘साखरपुड्याची आता घाई नको. पुढं बघू.’

झालं. रूथ काल जेवली नाही.

तुम्हाला आता खरं सांगून टाकते. मी त्यांच्या घरी सांगितलं आहे की तुम्ही चिकोडीला असता आणि मुलींना भरतकाम शिकवता. तुम्ही तंबाखूच्या वखारीत पोती शिवता, तुमचे यजमान जन्मभर तंबाखू मापत होते, हे मी कसं सांगू? म्हणून तुम्ही येऊ नये असं वाटत होतं. मी लपवलं, आणि तुम्ही तेच शिवून, काठ मध्ये धरून, पंचांच्या हातात दिलंत.

अंबुबाई

---

निपाणी,
ता. ३० डिसेंबर १९३५

सौ. अंबुबाईंस,

पान घातलं, कारण निपाणीत लोकरीच्या, सुती, रेशमी, सगळ्या कपड्यांत पान घालतात. पेटीत घालतात, वाकळीत घालतात, चंपाबाई तर लग्नाच्या शालूतही घालतात. आमटीत मीठ घातलं असं कोणी पत्रानं कळवतं का? आमची नाकं सरावलेली. बेळगावकरांना शिंका येतील हे माझ्या स्वप्नातही आलं नाही. एवढी चूक माझी. रूथला सांगा, आत्तीनं मुद्दाम केलं नाही.

आता तुमची चूक. माझ्या नवऱ्यानं वीस वर्षं तंबाखू मापली आणि त्याच्या काट्याबद्दल शेतकऱ्यानं की व्यापाऱ्यानं कधी एक शब्द काढला नाही. त्याच वखारीच्या मागच्या खोलीत मी रूथला वाढवली. ती पोत्यांच्या थप्पीवर चालायला शिकली. तेव्हा तुम्हाला चिकोडी आठवली नाही.

भरतकाम मला येतसुद्धा नाही.

मी येत नाही. निर्धास्त राहा.

राजाबाई

---

बेळगाव,
ता. १४ जानेवारी १९३६

प्रिय वन्सं यांस सलाम.

तुम्ही रागावला आहात हे मला ठाऊक आहे. तरी हे पत्र लिहिल्यावाचून गत्यंतर नाही, कारण इथे काय चाललंय ते मला कळेनासं झालं आहे आणि तंबाखूतलं कळणारं आमच्या घरात तुमच्याशिवाय कोणी नाही.

आज तीन रविवार झाले. पंच आण्णाप्पा ती पिशवी रोज बरोबर बाळगतात. शास्त्र आत, पिशवी छातीशी. उपासनेत पूर्वी ते डुलक्या काढायचे. आता प्रार्थना सुरू झाली की पिशवी दोन्ही हातांनी उचलून तोंडावर धरतात आणि ‘आमेन’ झाल्यावरही खाली घेत नाहीत. बुधवारच्या प्रार्थनासभेला आधी ते कधी फिरकत नसत, आता सर्वांत आधी येऊन बसतात. पाळकसाहेबांनी परवा मंडळीत त्यांचा दाखला दिला, की पिकल्या वयातसुद्धा माणसाला शास्त्राचा असा ध्यास लागू शकतो.

निर्व्यसनी मंडळाच्या सभेत यंदा त्यांनी डबीची गोष्ट सांगितली ती खंदकापर्यंत आली आणि तिथेच थांबली. फेकलीच नाही. पाणी प्यायले आणि बसले.

साखरपुड्याचं मात्र नाव काढत नाहीत. ह्यांना रस्त्यात पाहिलं की फुटपाथ बदलतात. शामू रोज संध्याकाळी आमच्या फाटकासमोरून सायकलवरून जातो, घंटी वाजवतो आणि थांबत नाही. रूथ घंटी ऐकायला पडवीत उभी असते. हे मला बघवत नाही.

तुम्ही त्या पिशवीत नक्की किती आणि कसलं पान घातलं, तेवढं कळवा. रूथसाठी कळवा.

अंबुबाई

---

निपाणी,
ता. १८ जानेवारी १९३६

ती. सौ. वहिनींस,

रूथसाठी कळवते.

बाकीच्या तिन्ही वस्तूंत साधं पान, एकेक. पंचांच्या पिशवीत दोन पानं, दोन्ही बाजूंना एकेक, आणि ती अक्कोळची. अक्कोळच्या काळ्या मातीतलं पान, नीट मुरवलेलं, मधासारखा वास येतो. शेठ ते स्वतःच्या पाहुण्यांना दाखवायला काढून ठेवतात. सासऱ्याची वस्तू म्हणून मी मागून घेतलं. जीव ओतून केलं, वहिनी, तो असा बाधला.

आता तुम्ही प्रार्थना, ध्यास वगैरे जे लिहिलं आहे, ते मी दोनदा वाचलं आणि मग कारकुनाला वाचून दाखवलं. तो पोत्यावरून खाली पडला. अहो, तपकिरीची सवय असलेला माणूस तेरा वर्षांनी अक्कोळचं पान नाकाशी धरतो आहे. तुमच्या पंचांना शास्त्राचा नव्हे, पिशवीचा ध्यास लागला आहे. आमच्या वखारीत रोज डझनभर असे भाविक दाराशी उभे असतात.

मला हसू येतं आणि लगेच रूथ पडवीत उभी दिसते, मग येत नाही. पिशवी युक्तीनं परत मागून घ्या. काठ उसवला म्हणून सांगा. मी पानं काढून पुन्हा शिवून देते. वास गेला की त्यांचं डोकं ठिकाणावर येईल आणि साखरपुडा होईल. मी नसले तरी होऊ द्या.

राजाबाई

---

बेळगाव,
ता. २४ जानेवारी १९३६

प्रिय वन्सं यांस अंबुबाईचा फार फार सलाम.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी दुपारी पंचांची बायको मालुबाई आमच्याकडे आली. एकटी. पदराखाली पिशवी. म्हटलं, मोडलं लग्न.

ती बसली, पाणी प्यायली, पिशवी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, “अंबुबाई, शिवण उसवून बघितलीया मी. आत काय हाय ते मला ठावं हाय.”

मी म्हटलं, “मालुबाई, आमच्या वन्संची चूक झाली. त्यांच्याकडची रीत आहे तशी.”

“चूक कुटली? तपकीर सोडल्यापास्नं हा माणूस माज्यासंगं धड बोलला न्हाय. भांड्याला भांडं लागलं तरी अंगावर याचा. शामू तर समोर जेवायला बसत न्हवता. ह्या महिन्यात एकदा आवाज चढवला न्हाय बगा. परवा मला म्हनाला, आमटी चांगली झालीया. मी आनी दोन पळ्या वाढली.”

मी विचारलं, मग साखरपुडा का लांबवला. तर ती हसायला लागली. “भ्याला त्यो. त्येला वाटतंय तुम्ही त्येची परीक्षा बगायला पान घातलंय. पिशवी परत द्यावी तर देववंना, जवळ ठेवावी तर भ्या वाटतंय. मी सांगितलं, अवो, त्या बाईला काय बी म्हाईत न्हाय, सरळ मनानं शिवलंय तिनं. मग जरा हुशारला. येत्या एक तारखेला साखरपुडा उरकू म्हनतोय.”

आणि जाता जाता म्हणाली, “ह्या पिशवीचा वास उतरत चाललाय. तुमच्या वन्संना सांगा, एक तारखेला येताना तसलीच दुसरी घिऊन या. त्या बाईला मला बगायचं हाय. आन ती काय चिकोडीची न्हवं, मी बी गळतग्याची हाय, निपाणीच्या शेजारची, पान वळखतो आमी. पर लोकांच्यात चिकोडीच ऱ्हाऊ दे. अध्यक्ष मानूस हाय, त्येची अब्रू जाईल.”

तेव्हा वन्सं, सगळं सुरळीत झालं. तुम्ही जरूर जरूर या. मालुबाईला ठाऊक, मला ठाऊक, तुम्हाला ठाऊक. बाकीच्यांपुढे फक्त चिकोडी म्हणायचं. कोणी भरतकामाचं विचारलं तर डोळे अधू झालेत असं सांगा.

तुमची वाट पाहणारी,
अंबुबाई

---

निपाणी,
ता. २७ जानेवारी १९३६

ती. सौ. वहिनींस सलाम.

लग्न जुळलं, प्रभूची कृपा. दुसरी पिशवी सोबत पाठवते, मालुबाईंना द्या. त्या बाईचं मला कौतुक वाटलं.

मी येणार नाही. हे रागानं लिहीत नाही, राग मागेच संपला. पण चिकोडीची कोणी भरतकामवाली बाई तुम्ही रूथच्या शेजारी बसवणार असाल, तर मी तिथे कुठे आले? ती बाई बसेल, ती चहा पिईल, तिला सगळे नमस्कार करतील. मी इथेच असेन. माझं जे काही आहे ते ह्या वखारीतलं आहे, नवरा, पोट, आणि रूथची अडीच वर्षं. ते सोडून यायचं म्हटलं तर मोटारीत बसवायला काही उरत नाही.

तुमची अडचण मला समजते. नवी सोयरीक आहे, पंचांची अब्रू आहे, जरा काही झालं तर पोरीचं मोडेल. तिचं मोडण्यापेक्षा मी न आलेली बरी. रूथला माझा आशीर्वाद सांगा. मी त्या दिवशी उपास करून तिच्यासाठी प्रार्थना करीन.

राजाबाई

---

निपाणी,
ता. ४ फेब्रुवारी १९३६

प्रिय वहिनी,

काल दुपारी सुखरूप पोचले. कंडक्टरनं संकेश्वरला विचारलं, बाई, तब्येत बरी नाही का. मी हत्तरगीपासून रडत होते. त्याला म्हटलं, पुतणीचा साखरपुडा झाला. तो म्हणाला, मग रडता कशाला.

गुरुवारी तुम्ही वखारीच्या दारात उभ्या राहिलात तेव्हा मला वाटलं, दादांना काही झालं. एकोणीस वर्षांत तुम्ही निपाणीत पाऊल टाकलं नव्हतं. नाकाला पदर लावून, पोत्यांच्या मधून, शिंकत शिंकत माझ्या खोलीपर्यंत आलात. शेठ, कारकून, सगळे उठून उभे राहिले. तुम्ही क्षमा वगैरे काही मागितली नाहीत. माझ्या हातची भाकरी खाल्लीत, रस्सा पातळ आहे म्हणालात, आणि मग म्हणालात, “उठा, मोटार चुकेल.” मी म्हटलं, चिकोडीची म्हणून येणार नाही. तुम्ही म्हणालात, “चला तर खऱ्या.” मला वाटलं, वाटेत समजूत घालतील.

मग शनिवारी पाळकसाहेबांनी मुलीकडची माणसं कोण म्हणून विचारलं. दादा तोंड उघडणार, एवढ्यात तुम्हीच उभ्या राहिलात. माझा दंड धरलात. “ह्या माझ्या वन्सं, राजाबाई. निपाणीच्या. तंबाखूच्या वखारीत पोती शिवतात. रूथला विषमज्वराच्या साली ह्यांनी वाढवलं. पंचांची पिशवी ह्यांच्याच हातची.”

वहिनी, तेवढ्या खोलीत चाळीस माणसं होती. सगळे आधी माझ्याकडे पाहत होते. मग एकेकाच्या डोक्यात उजेड पडत गेला आणि सगळे पंचांच्या मांडीवरच्या पिशवीकडे पाहायला लागले. पाळकसाहेबांनी तर चष्मा पुसून पाहिलं. शामूचा रंग उडाला होता. मी मनात म्हटलं, झालं, पोरीचं मोडलं, आणि माझ्यापायी मोडलं.

पंचांनी पिशवी उलटी करून, सुलटी करून पाहिली आणि म्हणाले, “टाकं बारीक हाईत. माणूस कष्टाळू दिसतंय. पुढं चालवा, चहा गार हुतोय.” मालुबाई पदरात तोंड घालून हलत होती, ती रडत नव्हती. आणि मी निघताना पंच फाटकापाशी आले, इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, “बाई, दुसऱ्या पिशवीतलं पान बी अक्कोळचंच हाय न्हवं?” निर्व्यसनी मंडळाचं अध्यक्षपद त्यांनी दुसऱ्या दिवशी सोडलं हे दादांनी मोटारतळावर सांगितलं. बिचाऱ्यांना आता मंडळीत मोकळेपणी शिंकता येईल.

रूथ माझा हात धरून बसली होती, अंगठी घातली तेव्हाही डाव्या हातानं धरलेला माझा हात तिनं सोडला नाही. तेवढ्यासाठीच मी तरसत होते, ते मिळालं. पण मोटारीत मला तिचा हात आठवत नव्हता. तुमचा आठवत होता. तुम्ही बोलत होता तेव्हा माझ्या दंडावर तो थरथरत होता. तुम्ही किती भ्यालेल्या होतात ते दुसऱ्या कोणाला दिसलं नसेल, मला जाणवत होतं. पोरीचं मोडेल ही भीती होती, अब्रूची होती, एवढ्या जन्मभराच्या नीटनेटकेपणाची होती. आणि तरी तुम्ही माझं नाव मोठ्यानं घेतलंत, गावासकट, वखारीसकट.

नवरा गेल्यापासून माझ्यासाठी कोणी एवढं भ्यालेलं मी पाहिलं नव्हतं.

तुमची,
राजाबाई